तोलाजीची पाठ

त्या राज्यात ओझं गाढवांनी वाहायचं आणि मान घोड्यांनी मिरवायचा, अशी वाटणी फार जुनी होती. ती कुणी केली हे कुणी विचारत नसे. घोड्यांना विचारायची गरज नव्हती आणि गाढवांना तशी सवय नव्हती. या दोघांच्या मध्ये खेचरं होती. खेचराची आई घोडी आणि बाप गाढव, त्यामुळे त्या राज्यातलं एकूण एक खेचर जन्मभर आईचं नाव सांगत फिरे, आणि बापाचा विषय निघाला की त्याला नेमकं काहीतरी काम आठवे.

तोलाजी त्यांतलाच. घाटातल्या नाक्यावर तो तपासनीस होता. कान लांब होते खरे, पण ते तो मागे दुमडून ठेवी. सकाळी नाका उघडण्याआधी टेकाडामागे जाऊन खिंकाळण्याचा सराव करी. सुरुवात अगदी घोड्यासारखी होई, शेवटी मात्र बाप बाहेर पडे, आणि मग तो घाईघाईने खोकला काढी. नाक्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. पण तपासनिसाला कोण सांगणार?

त्याचं काम एकच, ये-जा करणाऱ्या गाढवांच्या पाठी तपासणं. गाढवांच्या पाठीवर खूण असे. एक काळी रेघ मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून उभी, आणि दुसरी खांद्यांवरून आडवी. या खुणेची गाढवं एक कथा सांगत.

फार पूर्वी एक धनी होता. त्याला बसायला घोडा मिळाला असता, पण त्याने गाढव मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर बसून तो शहरात शिरला. लोकांनी वाटेवर अंगावरची वस्त्रं अंथरली. पुढे आठवडाही झाला नाही, तोच त्याच लोकांनी त्याला वेशीबाहेर नेऊन मारलं. ज्यावर मारायचं त्या लाकडाचं ओझंही मरायच्या जागेपर्यंत त्याचं त्यालाच वाहायला लावलं. चढावर तो पडला. त्या वेळी ते गाढव दावणीला बांधलेलं होतं. ते हिसके देत राहिलं, पण दावं तुटलं नाही. शेवटी शेतावरून घरी चाललेल्या एका परक्याला धरून त्याच्या खांद्यावर ते ओझं दिलं गेलं. गाढवांच्या मनाला ही गोष्ट लागली ती कायमची. तेव्हापासून पाठीवर खूण आहे असं ती सांगत, आणि तेव्हापासूनच त्यांचा एक रिवाज होता. चढावर कुणी ओझ्याखाली वाकलेलं दिसलं की रिकाम्या गाढवाने मागे फिरायचं आणि त्याचं अर्धं ओझं आपल्या पाठीवर घ्यायचं. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही.

कथेचं घोड्यांना काही वाटत नव्हतं. गाढवांनी तबेल्यामागे बसून काय वाटेल ते सांगावं. त्यांना खुपला तो रिवाज. झालं काय, की सुभेदाराच्या तबेल्यातला एक म्हातारा घोडा लंगडा झाला म्हणून त्याला मालाला जुंपला होता, तो घाटात कोसळला. बाकीचे घोडे टापा वाजवत पुढे गेले. एका गाढवाने त्याचं अर्धं घेतलं. तो म्हातारा नुसता जगला असता तर चाललं असतं, पण तबेल्यात येऊन तो ज्याला त्याला ते सांगत सुटला. ओझं असं वाटून घेता येतं म्हटल्यावर, मग कुणाचं ओझं कुणी ठरवलं, असा प्रश्न निघतो. असले प्रश्न तबेल्याला परवडत नाहीत. सुभेदार म्हणजे त्या मुलखाचा कारभारी, एक अबलख घोडा. खूण गेली की रिवाजही जाईल, असं धरून त्याने हुकूम काढला की ज्याच्या पाठीवर खूण दिसेल त्याची रवानगी चुनखडीच्या खाणीत होईल. त्या खाणीत चुन्याने खूर फुटत आणि डोळे जात. तिथून परत आलेलं कुणी नव्हतं.

पहिल्या हंगामात पुष्कळ गाढवं गेली. पाठ उघडी ठेवून, मान वर करून गेली. त्यांची थट्टा या गोष्टीत कुठेही नाही. थट्टा आहे ती मागे उरलेल्यांची.

मागे उरलेल्यांचे पुढारी होते गंभीरबाबा. पोट सुटलेलं, आवाज घुमणारा, आणि साधं पाणी मागितलं तरी काहीतरी थोर सांगितल्यासारखं वाटे. नाक्याच्या अलीकडे एक बंद पडलेली वीटभट्टी होती आणि तिच्यापाशी राखेचा भलामोठा ढीग. गाढवाला लोळायला निमित्तच हवं असतं. एके दिवशी गंभीरबाबा तिथे लोळले, उठून अंग झटकलं, आणि बघतात तो पाठ सगळीकडून सारखी करडी. नाक्यावरून ते सुखरूप पार झाले. दुसऱ्या दिवशी झाडून सगळा कळप लोळला.

आता लोळलात तर लोळलात. जिवाची भीती कुणाला नसते? पण नुसतं भिऊन गंभीरबाबांचं समाधान होईना, त्यांना भिण्यामागे तत्त्व हवं होतं. “खूण कातडीवर नसतेच,” ते म्हणाले. “ती आत असते. आतल्या खुणेला राख काय करणार? उलट राख म्हणजे नम्रता. जो जास्त लोळला तो जास्त नम्र.” गाढवांनी समाधानाने कान हलवले. थोड्याच दिवसांत कुणाची राख किती दाट, यावर कळपातला मान ठरू लागला. एखाद्याच्या खांद्यावर चुकून काळं दिसलं तर इतर त्याच्याकडे असं बघत, जणू त्याने चारचौघांत काही लाजिरवाणं केलंय.

रिवाजाचंही तेच झालं. मागे फिरून ओझं घ्यावं तर नाक्यावर बोंब, आणि रिवाज मोडला असं म्हणवतही नव्हतं. गंभीरबाबांनी तोड काढली. चढावर कुणी वाकलेलं दिसलं, की शेजारून जाताना म्हणायचं, “अर्धं माझं.” वाकलेल्याने म्हणायचं, “पोचलं.” आणि दोघांनी आपापल्या वाटेने चालू लागायचं. ही सोय सगळ्यांना इतकी आवडली की पुढे घाटातच नव्हे, कुठेही भेटल्यावर ती तेच म्हणू लागली. लग्नाला गेलं तरी अर्धं माझं, बारशाला गेलं तरी अर्धं माझं.

तोलाजीला हे सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, त्यात त्याचा हातभारच होता.

“बाबा, आज मानेपाशी जरा पातळ झालीय,” तो हलक्या आवाजात म्हणे.

“उपकार झाले, साहेब,” म्हणत गंभीरबाबा मागे जात आणि पुन्हा लोळून येत.

सुभेदारालाही ठाऊक होतं. मेलेलं गाढव ओझं वाहत नाही, एवढं कळण्याइतका तो हुशार होता. त्याला गाढवं हवी होती, त्यांनी मागे फिरायला नको होतं, आणि तसंच झालं होतं. तोलाजीला मात्र या मंडळींचा मनापासून तिटकारा होता. ज्या धन्याची म्हणवून घेतात त्याच्या खुणेवर सकाळी राख फासतात, आणि संध्याकाळी त्याच ढिगाऱ्याआड बसून त्याचीच गाणी नाकातल्या नाकात गुणगुणतात. आपला बाप असल्यांपैकीच कुणीतरी असणार, या विचाराने तो कान आणखी मागे दुमडी. गंमत म्हणजे इतकी वर्षं नोकरी करून तोलाजीने खूण अशी जवळून कधी पाहिलीच नव्हती. तो नाक्यावर आला तेव्हा उघड्या पाठी संपल्या होत्या. तो राख तपासत होता.

उन्हाळा लागला आणि सुभेदार थंड हवेला माथ्यावर निघाला. घोडा एकटा जात नाही, त्याच्यामागून त्याचा सगळा थाट जातो. खालच्या गावातली सगळी गाढवं लादून झाली तरी सामान उरलं. सुभेदाराने तोलाजीला बोलावून घेतलं.

“तू घे,” तो म्हणाला. “आजच्या दिवस. आणि हे बघ, यंदा तुझ्या डोक्यावर तुरा बांधायचं माझ्या मनात आहे.”

तुरा बांधला की खेचराला घोडा म्हणत. मग छपराखालचा तबेला, मग कुणी बापाचं नाव विचारायचं नाही. तोलाजीला जन्मात हवं होतं ते एवढंच. त्याने पाठ पुढे केली. एका अंगाला सुभेदाराचं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ बांधलं, दुसऱ्या अंगाला चंदीची पोती. घोड्यांचाच खुराक तो, हलका कुठून असणार?

तपासनिसाच्या पायांना ओझ्याची सवय नव्हती. घाटातल्या अवघड वळणावर घंगाळ हललं, तोल गेला, आणि तोलाजी पुढच्या गुडघ्यांवर आला. मागचा एक पाय कडेला टेकलेला, त्याखाली दरी. उठायला जोर लावावा तर ओझं दरीकडे ओढत होतं. तो तसाच थिजून राहिला. वर माल टाकून रिकामी परतणारी गाढवं नेमकी त्याच वेळी खाली येत होती. सर्वांत पुढे गंभीरबाबा.

“अर्धं माझं, साहेब,” ते अदबीने म्हणाले, आणि डोंगराच्या बाजूने अंग चोरून उतरून गेले.

मागच्यानेही तेच म्हटलं. त्याच्या मागच्यानेही. एकूण एक गाढव त्याच्या शेजारून तसंच म्हणत गेलं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पडल्याचं समाधान होतं. तोलाजीच्या तोंडून पोचलं हा शब्द निघाला नाही. त्याला श्वासच पुरत नव्हता. आपण मरणार, आणि शेवटचं काय ऐकणार तर हे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला भयंकर संताप आला.

सगळ्यांत शेवटी कवडी होती. हडकुळी, तोंडाने फटकळ, कळपात कुणाला फारशी न आवडणारी गाढवीण. रोज सगळ्यांसारखी लोळायची. भक्तीबिक्तीत कधी पुढे नसे, गाण्यांच्या वेळी तर सरळ झोपायची. ती काही न बोलताच तोलाजीच्या शेजारून गेली. जरा पुढे जाऊन थांबली. “मेलं हे जनावर,” असं पुटपुटली, आणि मागे फिरली.

तिने दातांनी गाठ सोडली, पोती ओढून आपल्या पाठीवर घेतली, आणि खांद्याने रेटून तोलाजीला कडेवरून आत घेतलं.

“तू काय करतेयस ते कळतंय का तुला?” तोलाजी धापा टाकत म्हणाला. “नाक्यावर मीच असतो.”

“ठाऊक आहे. बोलू नकोस, चढ.”

“पण का?”

“मला काय विचारतोस? मी खाली जाऊन चार घास खाणार होते. तू मध्ये पडलास.”

ती पुढे आणि तो मागे, असे दोघं चढू लागले. रोजच्या ओझ्याखालची गादी इथे नव्हती; पोत्यांचा दोर तिच्या खांद्यांवरून आडवा गेला होता आणि पावलागणिक पुढेमागे सरकत होता. पोत्यांची शिवण कण्यावर घासत होती. तिच्या पाठीवरची राख झडू लागली. तोलाजीची नजर दुसरीकडे जाईना. एवढा गवगवा झालेली ती खूण काहीतरी अद्भुत असेल असं त्याला वाटत आलं होतं. तसं काही नव्हतं. साधी काळी रेघ, जरा फाटल्यासारखी. ओझं जिथे बसतं नेमकी तिथेच होती. बाकी काही नाही. पण आपला बापही असाच कुणाच्यातरी पुढे चालला असेल का, हा विचार करताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा कान दुमडले नाहीत.

थांबत थांबत ते वीटभट्टीपाशी आले, तोवर दुसऱ्या खेपेचा कळप खालून येऊन त्यांना मिळाला. कवडीची पाठ बघून गंभीरबाबांचा चेहराच उतरला.

“अगं, लोळ आधी. सुभेदार स्वतः नाक्यावर येऊन उभे आहेत.”

“पोती पोचवते, मग लोळते.”

“पोती टाक इथेच.”

“मग याचं काय?”

“साहेबांचं साहेब बघतील.”

कवडीने राखेच्या ढिगाकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. “बाबा, दुसऱ्याचं ओझं घेतलं की राख जाते,” ती म्हणाली. “मला आजच कळलं. उद्या पुन्हा कुणी पडला तर पुन्हा जाणार. रोज किती लोळायचं?”

“तू सगळ्यांना खाणीत घालशील.”

“तुमच्या पाठी चांगल्या दाट आहेत. तुम्हाला कोण नेतंय?”

नाक्यावर सुभेदार उभा होता. कवडीच्या पाठीवरून त्याची नजर सावकाश फिरली.

“ही कुणाची?” त्याने गंभीरबाबांना विचारलं.

“आमच्यातली नाही, सरकार. आमच्या पाठी बघा.”

आणि सगळा कळप ओझी उतरवून एका रांगेत पाठमोरा उभा राहिला. पाठी अगदी एकसारख्या, करड्या, स्वच्छ लोळलेल्या. सुभेदाराने त्या बघितल्या. मग तो तोलाजीकडे वळला.

“घंगाळ आलं?”

“आलं, सरकार.”

“पोती हिच्यावर कशी?”

तुरा तिथेच होता, सुभेदाराच्या नोकराने धरलेला, लाल. तोलाजी म्हणाला, “मीच आणली, सरकार. नाका जवळ आल्यावर हिच्यावर टाकली. ही वाटेत दिसली, एवढंच.”

इतकं सोपं असतं ते. एक वाक्य, आणि घाट चढून आलेली कवडी वाटेत दिसलेली झाली. सुभेदाराने तुरा बांधायला सांगितला, आणि हुकूमही केला की खाणीच्या बांधकामाला न्यायचे दगड तोलाजीनेच हिच्यावर लादावेत, म्हणजे नव्या घोड्याच्या हातून पहिलं सरकारी काम होईल. तोलाजीने दगड लादले. दोर बांधताना कवडीने त्याच्याकडे मान वळवली. आता ती काय म्हणेल या भीतीने त्याने डोळे खाली घातले.

“गाठ घट्ट मार,” ती म्हणाली. “सैल राहिली तर चढावर घसरते.”

ती खाणीच्या वाटेला लागली. इकडे घोड्यांनी तोलाजीभोवती कोंडाळं केलं, शेपट्या उडवल्या, आणि रीतीप्रमाणे त्याच्या नावाने खिंकाळले. रीतीप्रमाणे नव्या घोड्याने उत्तर द्यायचं असतं. तोलाजीने खाणीच्या वाटेकडे पाहिलं. पहिल्याच चढावर कवडी गुडघ्यांवर आली होती. त्याने तोंड उघडलं, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मोकळा, घसा फाडून, नुसता बाप बाहेर पडला. या वेळी त्याने खोकला काढला नाही. लाज इतकी वाटत होती की ती कुणापासून लपवायची हेच त्याला सुचेना. तो तुऱ्यासकट धावत सुटला आणि कवडीच्या ओझ्याखाली शिरला.

“जाऊ दे,” सुभेदार म्हणाला. “खेचर ते खेचरच.”

“तुरा काढ तो,” कवडी तोलाजीला म्हणाली. “डोळ्यात जातोय माझ्या.”

खाणीत पुढे काय काय सोसलं ते सांगण्यात अर्थ नाही. खाणीत सगळ्यांना सारखंच सोसावं लागतं. पहिल्या हंगामातली काही गाढवं तिथे अजून होती, आंधळी, फुटक्या खुरांची. त्यांना फासायला राख नव्हती आणि लपवायला काही नव्हतं. तिथे कुणी अर्धं माझं म्हणत नसे. कुणी वाकलं की ओझं हलकं होई, आणि मान वळवल्यावर शेजारी कुणीतरी असे. कवडी सगळ्यांवर खेकसत असे. एकदा तोलाजीने तिला विचारलं, तो धनी खरंच गाढवाच्या पाठीवर बसला होता का.

“मी होते का बघायला?” ती म्हणाली. “ओझं वाटून घेतलं की तो आहे असं वाटतं. तू त्या दिवशी मागून धावत आलास, तेव्हा तर अगदी दिसल्यासारखं वाटलं. यापलीकडे मला विचारू नकोस.”

तिचे डोळे आधी गेले. मग तोलाजी तिच्या पुढे चाले आणि ती त्याच्या शेपटीच्या आधाराने. एका दुपारी चढावर शेपटीवरचा भार नाहीसा झाला. तोलाजी तिथेच, ओझ्यासकट, तिच्याशेजारी बसला आणि ढसाढसा रडला. तिच्यावर आपला किती जीव होता हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने त्याला गप्प बस म्हटलं असतं. मेलेल्या जनावरांची कातडी खाणीच्या तोंडाशी वाळत टाकत, तशी कवडीचीही टाकली.

तोलाजीच्या पाठीला दगडांच्या दोराने जखमा झाल्या होत्या, खांद्यांवर आडवी आणि कण्यावर उभी. जुनी जखम भरली की तिच्यावर पांढरे केस येतात. त्याने ते पाहिले नव्हते. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते?

मग सुभेदार बदलला. नवा सुभेदार पांढरा शुभ्र आणि गोडबोल्या होता. खूण हे या राज्याचं भूषण आहे, असं त्याने जाहीर केलं, जुना हुकूम रद्द केला आणि खुणेचा उत्सव ठरवला. गाढवांना आनंद मावेना. सगळा कळप नदीवर गेला आणि घासूनपुसून आंघोळला. राख वाहून गेली, आणि खालून निघाली गुळगुळीत करडी कातडी. इतक्या वर्षांच्या राखेने केस मुळापासून खाल्ले होते. रेघ कुणाच्याच पाठीवर नव्हती. गाढवांनी एकमेकांच्या पाठी बघितल्या आणि हळूच नजरा वळवल्या.

गंभीरबाबा मात्र डगमगले नाहीत. “खूण आत आहे,” ते म्हणाले. पण उत्सवाला बाहेरची लागते. तेव्हा त्यांना कवडी आठवली. आमची कवडी, असं ते आता म्हणत. खाणीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी तिचं कातडं शोधून आणलं. त्यावरची खूण चांगली ठसठशीत होती. नव्या सुभेदाराने खूश होऊन गंभीरबाबांना खुणेचे पारखी नेमलं. खरी कुठली आणि खोटी कुठली हे त्यांनी ठरवायचं. नाक्यापाशी कवडीचं स्मारक बांधायचं ठरलं, आणि त्याला चुना लागणार म्हणून खाण चालूच राहिली.

उत्सवाच्या दिवशी मिरवणूक निघाली. पुढे गंभीरबाबा, त्यांच्या पाठीवर कवडीचं कातडं, दोन्ही बाजूंना घोडे माना डोलावत उभे. वीटभट्टीच्या वळणावर समोरून तोलाजी आला. त्याच्यावर स्मारकाचा चुना लादलेला होता. वाट अरुंद, त्यामुळे मिरवणूक थांबली.

गंभीरबाबांनी त्याला ओळखलं नाही. त्यांची नजर त्याच्या पाठीवर गेली.

“हे काय आहे?”

“ओझ्याचं आहे,” तोलाजी म्हणाला.

“खूण काळी असते. ही पांढरी आहे. खूण जन्माची असते, आणि तू तर खेचर आहेस.”

“हो.”

“मग ही खोटी. आजच्या दिवशी असलं काही लोकांच्या नजरेला पडता कामा नये.” त्यांनी भट्टीच्या ढिगाकडे मान वळवली. “टाका रे.”

कळपाला हे काम सवयीचं होतं. गाढवांनी पाठमोरं होऊन मागच्या पायांनी राख उडवली आणि तोलाजीची पाठ झाकून टाकली, खांद्यांपासून शेपटीपर्यंत, चांगली दाट. राख उडत होती तेवढ्या वेळात तोलाजीने मान पुढे केली आणि गंभीरबाबांच्या पाठीवरच्या कातड्याला नाक लावून ठेवलं. कुणीतरी त्याला बाजूला ढकललं. मिरवणूक गाणं म्हणत पुढे गेली, आता मोठ्याने, मोकळ्या तोंडाने.

तोलाजीने ओझं सावरलं आणि चढाला लागला. दोर त्याच्या खांद्यांवरून पुढे सरकला, मागे सरकला, आणि त्याच्यामागे वाटेवर राखेची एक बारीक रेघ पडत गेली.